पाठकोरा

ओत्सो एकोणतीस वर्षांचा. दाढी अजून यायची की नाही या विचारात.
माझ्याकडे मिलची सत्तावीस वर्षं
आणि प्लास्टिकच्या पिशवीत दाखले.
त्याचं टेबल जुन्या बँकेच्या इमारतीत,
घराचा शेवटचा हप्ता मी भरला
त्याच खिडकीपाशी.

"काय काय येतं तुला, इर्मेली?"

कागद.

तो थांबला. कोर्समध्ये शिकवलं असणार,
प्रश्नानंतर सात सेकंद गप्प राहा,
माणूस आपोआप उघडतो.
मी उघडले नाही.
आमच्याकडे गप्प बसणं कोणाला शिकवावं लागत नाही.
बाहेर आखात गोठलेलं,
बर्फफोडं जहाज जागच्या जागी धूर सोडत उभं.
चाळीस सेकंदांनी त्यानेच सुरुवात केली,
स्वतःच्या आईबद्दल.

दुसऱ्या भेटीत कलचाचणी. एकशे वीस प्रश्न.
निकाल आला: ग्रंथपाल, मधमाशीपालन,
किंवा दफनभूमीची देखभाल.
ओत्सो ओशाळला.
मला तिन्ही पटले.

मग एकदा त्याने कोरा कागद पुढे सरकवला.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस, लिही.
मी तो उजेडात धरला. बोटांत चोळला.
आमचाच होता. तीन नंबरच्या मशीनचा,
बंद पडण्याआधीच्या त्या शेवटच्या ऑक्टोबरातला,
जेव्हा वाळवणीचा एक रूळ जरा जास्तच तापायचा
आणि आम्ही वर कळवलं नाही,
कारण वर होतं कोण?

मी तो उभा फाडला. चर्रकन, पट्टीने आखल्यासारखा.
मग आडवा. दातेरी, वाकडा, भलतीकडेच गेला.
"कागदालाही कल असतो," मी म्हणाले.
"लगदा जाळीवरून ज्या दिशेने धावतो,
त्या दिशेने तंतू झोपतात."
ओत्सोने सहा कागद फाडले. सरकारी.
उभे, आडवे, पुन्हा उभे.
इतका खूश मी त्याला आधी पाहिला नव्हता.

"आणि मशीनवर नक्की काय करायचीस?"
उभी राहायचे.
"म्हणजे?"
कान कधीच गेले, डावा तर बत्तिसाव्या वर्षी.
पण कागदाचा पट्टा तुटणार असला
की आधी जमीन बदलते.
टाचेत ठणक येते, बारीक,
दाढ दुखायच्या आदल्या रात्री असते तशी.

त्याने लिहिलं: जोखमीचा पूर्वअंदाज घेण्याची क्षमता.
मी खोडलं.
लिही, पायांनी ऐकते.
"असं कोणी लिहीत नाही, इर्मेली."
मी सात सेकंद थांबले.
त्याने लिहिलं.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीला शिकाऊ हवे होते.
बाकीचे तिघे एकोणिसाचे, माझ्या धाकट्याहून लहान.
फोरमन विर्क्कुनेन अर्ज वाचून हसला,
मग हसायचा थांबला.
"ऐकून दाखव."
मी बूट काढले. मोजे राहू दिले, एकाला भोक.
दवाखान्याची म्हातारी लिफ्ट वर गेली, खाली आली.
तिसऱ्या मजल्यावर काहीतरी घासतंय, मी म्हणाले.

तिसऱ्यावर नव्हतं.
चौथ्यावर होतं.

घेतलं, सहा महिन्यांच्या बोलीवर.
पगार मिलच्या निम्म्याहून थोडा वर.
पहाटे तीनला अजून जाग येते. पाय पलंगाखाली जातात,
जमीन चाचपतात.
काही नसतं.
मग फ्रिज सुरू होतो, तेवढ्यावर झोप लागते.

एप्रिलमध्ये ओत्सोचा मेसेज.
त्याचा करार वाढवला नाही.
आता मला कोण विचारणार, काय येतं म्हणून?

रविवारी ये, मी कळवलं. सॉना तापवते.
आणि त्या फॉर्मांचा गठ्ठा उरला असेल तर घेऊन ये,
पाठकोरे चालतील.
बर्चची सालपटं संपलीत,
चूल पेटवायला काहीतरी हवं.