उपास

मक्यातला स्टार्च निघून गेला
की पिवळट, कोमट, आंबूस पाणी
आमच्या टाकीच्या वाट्याला येतं.
दोंडाईच्याच्या ह्या टोकाला, मिरचीच्या पथारींपलीकडे,
तिला कुणी डायजेस्टर म्हणत नाही.
हिलाल भोई तिला म्हैस म्हणतो.
बी म्हणून पहिल्यांदा शेणच घातलं होतं,
बावीस ट्रॉल्या, त्यानेच मोजून.

मंगळवारी पाळी बदलताना
कुणीतरी दुप्पट पाणी सोडलं.
पहाटे माझ्या कागदावर सामू पाच पूर्णांक नऊ,
घुमट खाली बसलेला,
बॉयलर पुन्हा कोळसा मागतोय.

मी चुन्याचा हिशेब मांडत होते.
हिलालने पत्र्याला कान लावला.
“पोट धरीसन बठेल शे, मॅडम.
खावाले काही देवू नका.”

तीन दिवस उपास.
थोडा चुना, घमेलंभर शेण,
आणि वाट पाहणं, ज्याला नोंदवहीत रकाना नाही.
सडक्या अंड्याचा वास त्याच्या सदऱ्यात इतका मुरलेला
की घरी त्याच्या कपड्यांची दोरीच वेगळी.
कळण्याची भाकरी तो टाकीकडे पाठ करून खायचा.
उपाशी जनावरासमोर जेवू नये, म्हणे.

चौथ्या दुपारी
काचेच्या नळीत एक बुडबुडा.
मग बराच वेळ काही नाही.
मग दोन.

वायू जाळायच्या चिमणीला ठिणगी दिली.
मला वाटलं, पेटलीच नाही.
हिलालने नुसती हनुवटी उचलली:
वारा पार पडलेला,
आणि चिमणीमागचं निंबाचं झाड
पाण्यात पाहावं तसं
हलत होतं.