तरंगता कॅलिपर

चोर्ल्याचा घाट उतरून येणाऱ्या गाड्या
मला आधी वासानं कळतात.
तापलेल्या पॅडचा वास
भाजलेल्या काजूच्या टरफलासारखा घशात बसतो.
केरीला, धरणाच्या खालच्या वळणावर माझं गॅरेज.
पाटीवर नावं दोन आहेत.

काल कुंकळ्येकरांचा मुलगा आला.
पिवळी कूपे, चाकाच्या आऱ्यांतून डोकावणारे
लालभडक कॅलिपर.
"पुढे सहा पिस्टन, बाय, मागे चार,"
घरातल्या खोल्या मोजून सांगावं तसं म्हणाला.
"आणि पेडल?"
"पेडल… तळाला गेलं. दोन वळणं."
त्याच्या हातातली किल्ली वाजत होती.

मी चाक उतरवलं.
काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू.
एकसंध अंग, घट्ट बोल्ट केलेलं,
जराही न हलणारं.
तीन इकडून, तीन तिकडून.
डिस्क आत शिरते तिथला पिस्टन लहान,
बाहेर पडते तिथला मोठा,
लांब पॅड तिरका झिजू नये म्हणून.
कुठल्या तरी दूरच्या गावात कुणीतरी
एवढ्याचसाठी जेवण थंड केलं असेल.

माझ्या व्हॅनला एकच.
तो आतल्या बाजूनं दाबतो.
बाहेरच्या पॅडच्या पाठीशी कुणीच नाही.
पण आतला डिस्कला भिडला, की तोच जोर उलटतो,
अख्खा कॅलिपर दोन पिनांवर मागे सरकतो
आणि बाहेरच्याला ओढून आणतो.
म्हणून तो तरंगता.
ऐकताना वाटतं, म्हादईत सोडलेली होडी.
असतो तो ग्रीसच्या थरावरचा
दोराभर प्रवास.

"मग फरक काय?" पोरानं विचारलं.
एकदाच करकचून थांबायचं तर फार नाही, म्हटलं,
शेवटी रस्ता धरतो तो टायर.
दहाव्यांदा, तापलेलं असताना, थांबायचं तर आहे:
मोठा पॅड, सारखा दाब, पायाखाली दगडासारखं पेडल.
पण त्या आधी हे बघ.
नळीतून बाटलीत उतरलं ते
गाड्यावरच्या चहाच्या रंगाचं.
चार वर्षांचं तेल.
ते हवेतलं पाणी पितं,
आणि आमच्याकडे हवेला पाण्याची काय ददात?
घाटात उकळलं. तुझा पाय बुडबुडे दाबत राहिला
आणि सहाच्या सहा पिस्टन
हाकेची वाट बघत बसले.

तो गप्प. बाहेर बाकड्यावर त्याची आई,
मांडीवर बेळगावच्या कुंद्याचा डबा,
दोन्ही हातांनी धरलेला.
दोन्ही वळणं तिनं तो तसाच धरला असणार.
तेल बदलून होईतो ती पाटी वाचत होती.
"गुणाजी कोण?"
भाऊ. स्विंडनला असतो. गोदामात, रात्रपाळी.
"येतो?"
फोन करतो, म्हटलं.
मग: करायचा.
तिनं डबा उघडून माझ्यापुढे धरला.
हात काळे होते, तर डबाच ठेवून गेली.

संध्याकाळी माझी व्हॅन जॅकवर चढवली.
महिनाभर डावीकडे ओढत होती,
दुसऱ्यांच्या गाड्यांपुढे राहून गेलेलं.
खालची पिन कोरडी पडून जागीच धरलेली.
आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला,
बाहेरचा जवळजवळ कोरा,
त्याच्यावर खाणीची तांबडी धूळ तेवढी.

पिन हातोडीनं हलके ठोकून काढली,
पॉलिश पेपरनं घासली, ग्रीस भरलं,
दोन बोटांनी सरकेपर्यंत मागेपुढे करत राहिले.
कोरा पॅड फडताळात ठेवणार होते.
तो चालत नाही. पॅड जोडीनंच बदलतात.
तरी ठेवला.

स्विंडनला दुपार असेल. झोपला असेल.
कुंदा गोड होता, थोडा ग्रीसचा वास लागलेला.