अकराशे चाळीस ग्रॅम

ग्रोनिंगनच्या तळघरात, फॉर्मॅलिनच्या वासात
अठरा वर्षं मी मेंदू तोलते.
काटा थांबला की आकडा लिहायचा,
नाव नाही, क्रमांक.
नवीन आलेलं कुणी विचारतंच, हातात घेतल्यावर काय वाटतं?
थंड, मी सांगते. आणि दिसतो त्याहून जड.

वरच्या मजल्यावरचे तत्त्वज्ञानाचे येलमर
कधीमधी पोरांना घेऊन खाली उतरतात.
एक पोरगा म्हणतो, मन म्हणजे एवढंच,
बाकी सगळी बोलाचीच कढी.
एक मुलगी विचारते, मग दुखतं ते कुणाला?
येलमर चष्मा पुसतात.
तेच त्यांचं उत्तर,
हे कळायला मला पाच वर्षं लागली.

काल सित्से आले. माझे वडील.
आपलं माणूस आपण तोलायचं नाही, असा नियम आहे.
मार्निक्सनं तोललं. मी दाराबाहेर,
हातमोजे घालून, उगाच.
अकराशे चाळीस, तो म्हणाला,
असायला हवं त्याहून पावभर कमी.
आणि भाजीवाल्यासारखं बोललो म्हणून ओशाळला.

त्या पावभरात माझं नाव गेलं असणार.
शेवटची तीन वर्षं मी 'बाई' होते,
आणि रात्रपाळीची नर्स 'आई'.
पण जानेवारीत कालवा गोठला, तेव्हा
मी त्यांच्या खुर्चीपुढे जुने स्केट ठेवले, सहज,
तर बोटं निघाली आपली आपण:
नाडी ओवली, दोनदा पीळ,
घोट्यामागून वळसा, गाठ.
मग मान वर न करता, "पाय दे इकडे."
मी पन्नाशीची. दिला.

ती गाठ कुठे ठेवली होती, मार्निक्स?
तुझ्या काट्यावर ती आली का?
की बोटं, नाडी आणि माझा पाय
एकत्र आल्याशिवाय ती नव्हतीच कुठे?

ते म्हणायचे, बर्फ म्हणजे पाणीच गं,
वरून काही घातलेलं नाही त्यात.
पण पाण्यावर उभी राहून दाखव बरं.
मी लहान होते, हसले होते.
आता वाटतं, येलमरना सांगावं.
मग वाटतं, ते चष्मा पुसतील.

कालवा वितळलाय. बदकं परत आली आहेत.
वहीत क्रमांकापुढे मीच आकडा लिहिला,
अक्षर नेहमीसारखंच आलं, याचा थोडा राग आला.
बसथांब्यावर बुटाची नाडी सुटली.
वाकले. बसकडे बघत होते,
आणि हात खाली
दोनदा पीळ देत होते.