एकाच नंबरावर

तक्रार तिसऱ्यांदा आली तेव्हा मे अर्धा सरला होता.
घाटंजीपासून अकरा किलोमीटर, गाडीची सीट तव्यासारखी,
पिशवीत मीटर, तार कापायची कातर, स्पिरिटची बाटली
आणि खिशात कांदा, उन्हासाठी.

शालिकराव भोयर ओट्यावरूनच म्हणाले,
"पैसे शंभर एमबीचे भरून रायलो, भाऊ,
अन् नेट येऊन रायलं निरा ठिबकवानी."

खांबापासून सुरुवात केली.
मागच्या खेपेला वांदरांनी तारेवर झोके घेतले होते,
आतली काच मोडलेली, वरून तार साबूत.
आज प्रकाश ठीक. वजा एकवीस.
म्हणजे दोष घरातला.

राउटर मधल्या खोलीत, कूलरच्या मागे,
वर क्रोशाचा रुमाल, पूर्वी टीव्हीवर घालत तसा.
पत्र्याचा कूलर, पोटात साठ लिटर पाणी.
पत्रा लहरी परतवतो, मी समजावलं, पाणी पिऊन टाकतं.
"मंग काय कूलर बंद करू?" कुसुमबाई म्हणाल्या,
"चव्वेचाळीस हाय आज."
उचलला तर भाकरीसारखा गरम.
रुमाल काढला. समोर भिंतीवर एक खिळा रिकामा होता,
त्याखाली चौकोनभर चुना पांढरा, बाकी पिवळा.
"फोटो वाटणीत तिकडे गेला," प्रणोती म्हणाली.
तिला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख उद्या.
खिळ्याला राउटर टांगला.

तरीही नेट अडखळत होतं.

मग ती भिंत दिसली.
बाकी घर मातीचं, ही एकटी विटांची,
अंगणातून निघून मधली खोली कापत न्हाणीपर्यंत गेलेली.
पलीकडे मोरेश्वरराव, धाकटे.

मोबाइलवर लहरींचा आलेख उघडला:
दोन डोंगर, एकावर एक चढलेले.
दोन्ही राउटर चॅनेल सहावर.
"म्हणजे कसं?"
म्हणजे भिंतीच्या अल्याड-पल्याड दोघंही
एकाच नंबरावर बोलत आहेत, एकाच वेळी.
हा बोलला की तो थांबतो, तो बोलला की हा,
दोघं एकदम बोलले की कोणाचंच पोचत नाही,
पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर. रात्रीसुद्धा.

शालिकराव भिंतीकडे बघत राहिले.
"तीन सालं झाले," म्हणाले,
"आमी तं एक शब्द नाई बोललो."

तुमचा अकरावर टाकतो, मी म्हटलं.
अंतर पडलं की दोघांचंही नीट चालेल.
"तलाठीबी असंच म्हणे."

टाकला. प्रणोतीच्या फोनवर चौऱ्याण्णव,
फॉर्मवरचा फोटो एका दमात चढला,
कुसुमबाईंनी मठ्ठा आणला, त्यात जिरं जास्त.
फक्त शालिकरावांचा फोन ओट्यावर अजून रांगत होता.

हातात घेतला. जुना फोन, काचेला तडा.
जोडलेला होता 'भोयर परिवार'ला.
ते तर पलीकडचं नाव. भिंत व्हायच्या आधीचं.
फोन ओट्यावर आला की आपसूक तिकडे लागायचा.
पासवर्ड तोच होता: ट्रॅक्टरचा नंबर,
दोघांनी मिळून घेतलेल्या, वाटणीत विकलेल्या.
पलीकडच्यांनी तो बदलला नव्हता,
किंवा बदलता येत नसेल. मला काय माहीत.

नावावर बोट ठेवलं, खाली बटण आलं.
हे काढून टाकू? मग आपलंच लागेल.
त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला,
शाळेत वाचतात तसं अक्षर-अक्षर वाचलं:
"वि. स. रा."

पंख्याचा आवाज. लांब कुठे तरी कोणाचं बोअर चालू.

"राहू द्या," म्हणाले. "ओट्यावर मी फक्त
कापसाचे भाव पायतो. त्याले काय नेट लागते."

पावतीवर कारणाचा रकाना भरावाच लागतो.
मी लिहिलं: राउटर कूलरमागे ठेवलेला.
दोष दूर.
सही घेतली, आणि निघालो.