न धरलेला अर्धा तास

दिवसभर ते निजलेलं असतं बाचीच्या माळावर.
चिमणीच्या शिडीवर एक घार,
शेडमध्ये अडिवेप्पाचा डबा आणि माझं रजिस्टर.
महिन्यातून चार-पाचदाच उठवतात त्याला,
दिवेलागणीला,
बेंगळूरहून फोन आला की.

मग बारा मिनिटं.
दाभोळकडून जमिनीखालून आलेला वायू पेट घेतो,
खिडकीची काच दात खाते,
घार उडते, न घाबरता, सवयीनं,
आणि पहिला धूर निघतो
काकवीत पाणी घातल्यासारखा.

मीटरवर नायट्रोजनचे आकडे चढतात,
चढतात,
मग शहाण्यासारखे खाली येतात.
मी नेहमीचं वाक्य लिहितो :
सुरुवातीचा अर्धा तास सरासरीत धरत नाहीत.

नियमच आहे तो.
गार यंत्र नीट जळत नाही, पुस्तकात आहे.
आणि कोळशापेक्षा हे कितीतरी बरं.
कोळशाजवळ मी सहा वर्षं काढलीत,
रुमाल धुतला की बादली काळी.

पण थंडीत वारा पूर्वेचा.
जिथं दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते
तिथून धूर पलीकडे उतरतो, शिनोळीत,
माझ्या बहिणीच्या परड्यात.
तुळसाचा फोन येतो :
"पेटवलासा काय रे?
दोरीवर पोरांची कापडं हाईत.
आणि लाइट तर आमच्यात न्हाईच."
वीज कुठं जाते ते तारांना ठाऊक, मी म्हणतो.
धूर कुठं जातो ते तिला दिसतं.

त्या रात्री रजिस्टरच्या मागच्या पानावर
मी तो अर्धा तास लिहून ठेवला.
तारीख. सगळ्यांत वरचा आकडा. वारा.
अडिवेप्पा वाकून बघत म्हणाला,
"यारिगे बेकु इदु?"
कुणाला हवंय हे.
मला उत्तर सुचलं नाही. रताळं सोलून अर्धं त्याला दिलं.

पुढं मी आठ दिवस तापानं घरी.
परत आलो, मागचं पान उघडलं.
माझ्या सुट्टीतल्या दोन तारखा,
गोल गोल कन्नड अक्षरांत,
आकडा, वारा,
धुराचा रंग सुद्धा.
आणि खाली, बारीक :
अक्काला विचार,
कपडे आत घेतले होते का.