शून्य टक्के

औलूत जानेवारीचा सूर्य दहा वाजून गेल्यावर येतो
आणि अडीचला दुकान बंद करतो.
बाहेर उणे सव्वीस.
नगरपालिकेच्या तळघरात मी, कान तुटलेला माझा थर्मास,
आणि सात वर्षांचे आकडे:
दर पंधरा मिनिटांना एक,
प्रत्येक खोलीचा, प्रत्येक नळीचा, प्रत्येक झडपेचा.
कुणी वाचलेच नव्हते.
इमारत रोज डायरी लिहीत होती
आणि आम्ही वर बैठका घेत होतो
की नवीन सेन्सर केवढ्याला पडतील.
कळसा काखेतच होता.

तिसरा मजला, खोली तीनशे सतरा.
गरम पाण्याची झडप सांगते: शून्य टक्के. बंद.
पण झडपेपुढची नळी
एकतीस अंशांवर.
आणि छतातलं गार पाणी
दिवसभर धावतंय, भर जानेवारीत,
एकवीसचा आकडा राखायला.
एक हात पांघरूण घालतो,
दुसरा ओढून घेतो,
आणि झोपलेल्याला पत्ता नाही
कारण त्याला थंडीही वाजत नाही, उकडतही नाही.
सगळं ठीक असल्यासारखं दिसतं.
सात वर्षं ठीक दिसत होतं.

मी शिडी लावली. छताची फळी सरकवली.
झडपेचा दांडा तांब्याच्या तारेनं
उघडा बांधून ठेवलेला,
आणि तारेला चिठ्ठी, पेन्सिलीनं:
‘तात्पुरतं. आउनेबाईंना गारठा सोसत नाही. वे. हिएताला.’

वेइक्को हिएताला निवृत्त होऊन कुठल्याशा बेटावर मासे धरतो.
आउनेबाईंचं नाव
आता फक्त टपालाच्या एका खणावर आहे,
त्यात कुणीतरी छत्री ठेवतं.
तीनशे सतरामध्ये फायली आणि एक खुर्ची.
त्या खुर्चीला सात हिवाळे
ऊब पोचत राहिली, दर महिन्याला बिलासकट.

मी तार कापली.

दुसऱ्या दिवशी रेघ खाली आली,
अशी सरळ, की मी एकटीच हसले.
रात्री गार पाणी बंद असायचं तेव्हा
या खोलीचा आकडा टेकडीसारखा चढायचा, पंचवीसपर्यंत;
ती टेकडीही गेली.
साहेबांना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

मग, सवयीनं, हालचालीचा रकाना उघडला.
तीनशे सतरा, पहाटे तीन चाळीस: वीस मिनिटं.
आदल्या रात्रीही. गेल्या हिवाळ्यातही.
तार कापल्याच्या पहिल्या रात्री: वीस.
दुसऱ्या रात्री: चार.
तिसऱ्या रात्री काहीच नाही,
पण बॉयलरच्या जिन्यात
तीन बेचाळीसला दिवा लागलेला.

आकडा एवढंच सांगतो की कुणीतरी आहे.
कोण, ते बघायला जावं लागतं.

जिन्यात उबाह बसली होती,
सफाईच्या कंपनीचं निळं जाकीट,
रबरी हातमोजे गुडघ्यावर वाळत घातलेले,
तळवे नळीला टेकवून.
मला पाहून उठायला लागली.
म्हणाली, "वरच्या खोलीतलं बिघडलंय वाटतं.
तक्रार नाही, हं. नुसतं सांगतेय."
बिघडलं नव्हतं, मी दुरुस्त केलं होतं,
हे कसं सांगायचं, ते मला
कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
मी थर्मास पुढे केला.
चहात साखर नाही म्हणून तिनं तोंड वाकडं केलं
आणि तरी संपवला.

आता वेळापत्रकात एक ओळ आहे:
तीनशे सतरा, साडेतीन ते चार दहा, बावीस अंश.
शेजारच्या शेऱ्याच्या चौकोनात
मी ‘तात्पुरतं’ लिहून खोडलं.
लिहिलं: उबाहसाठी. ती इथे आहे तोवर.
दर ऑक्टोबरला विचारून घेणे.
खाली सही, पूर्ण नाव: राइली केम्पाइनेन.

महिन्याच्या आलेखात
पहाटेच्या सपाट रेघेवर एक दात राहिलाय.
साहेबांनी बोट ठेवून विचारलं, ही गळती का?
मी नाही म्हटलं.
त्यांनी पुढचं पान उलटलं.

तांब्याची तार फेकली नाही.
थर्मासला आता तिचाच कान आहे,
गरम चहा भरला की बोटांना चटका देतो.