चिमूटभर माती

रात्री अडीचला विद्यापीठाच्या तळमजल्यावर
फ्रीजची घरघर आणि मी.
फिल्मवर चार रेघा.
शून्य मिनिटं : काळी, ठसठशीत.
दहा : जरा फिकी.
तीस : आहे, असं म्हणण्यापुरती.
साठ : काही नाही.

हिंदुराव वॉचमन दारात, हातात बॅटरी,
दोन्ही कान तालमीनं मोडून ठेवलेले.
"काय गावलं का, अत्तार मॅडम?"
"काही उरलं नाही, तेच गावलं."

मग सांगत बसले.
मुळाच्या पेशीपेशीत एक पहारेकरी असतो,
वाढीच्या जनुकांवर हात ठेवून.
'वाढू नको' म्हणत नाही तो,
नुसता उठत नाही.
शेंड्याकडून संप्रेरक उतरतं खाली;
वाटतं, हुकूम घेऊन आलं असेल.
कसला हुकूम! इवलासा रेणू,
एका दुसऱ्याच प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतो
आणि त्या प्रथिनाची पहारेकऱ्यावर पकड लागते.
एरवी निसटतात दोघं.

"म्हंजे माती," हिंदुराव म्हणाले.
"कसली?"
"हौद्यातली. घामानं आंग बुळबुळीत,
म्हणून जोडीच्या आंगावर आपणच टाकायची,
त्यानं आपल्या.
ताक, हळद, लिंबू, त्याल मुरल्याली.
माती काय कुस्ती खेळत न्हाई ओ,
खरं तिच्याबिगर पकड बसत न्हाई."

चार वर्षं बाण काढतेय मी आकृत्यांत.
एकातही ही चिमूट नव्हती.

पुढचं घाईनं सांगितलं :
धरलेल्याला खुणांची माळ चिकटते, मणी मणी.
तुमचा गुलाल जिंकणाऱ्याला, इथं हरणाऱ्याला.
मग एका पोकळ पिंपात ओढून तुकडे तुकडे.
माळ तेवढी दाराशीच उतरवून घेतात,
पुढच्यासाठी.

हिंदुराव बराच वेळ फिल्मकडे बघत राहिले.
"त्यो पहारेकरी वाईट हुता का?"

नाही ओ.
तो मोडला की झाड जी कामं आधी काढतं
त्यातलं एक म्हणजे नवा पहारेकरी घडवणं.
रोज मोडतं, रोज घडवतं.
सगळं वाढणं त्या मधल्या वेळातलं.

"मग बरं," म्हणाले,
आणि कुलपं ओढून बघत व्हरांड्यानं गेले.
सहाला त्यांची पाळी संपते.

साठाव्या मिनिटाच्या रिकाम्या जागेभोवती
मी पेन्सिलीनं गोल काढला.